दरपत्रकात ‘रिपेअर’ कुठे आणि ‘ओव्हरहॉल’ कुठे?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपचं दरपत्रक इंग्रजी, कन्नड आणि मराठीत छापायचं आहे. काम हायड्रॉलिक सिलिंडरचं. गिऱ्हाईक म्हणजे साखर कारखाने, जेसीबीवाले, प्रेसवाले. इंग्रजी रकान्यात सर्व्हिस, रिपेअर, ओव्हरहॉल, रिकंडिशन, रिबिल्ड आणि रिफर्बिश अशा सहा ओळी आहेत. मराठी रकान्यात सहाही ठिकाणी ‘दुरुस्ती’ आलंय. वाचणारा विचारणारच, एका दुरुस्तीचे सहा दर कसे ओ?

हे शब्द इंग्रजीत तरी खरंच वेगळे आहेत, की एकाच कामाची भारी भारी नावं? शब्दकोश पाहून झालाय, तिथे एकाचा अर्थ दुसऱ्याने दिलाय. अमुक शब्द लिहिला की अमुक काम करावंच लागतं, अशी व्याख्या हवी आहे.

कुंदाप्रेमी

‘फिक्स’ राहिलं की. कुंदा घेऊन बसलोय, चालू द्या.

इंग्रजीची_छडी

‘फिक्स’ नको. त्याचा जुना अर्थ घट्ट बसवणं. भिंतीवर फळी फिक्स करतात, तो. ‘बिघडलेलं नीट करणं’ हा अर्थ अमेरिकेत जास्त रुळला. आपल्याकडे फिक्स म्हणजे ठरलेलं (तारीख फिक्स, रेट फिक्स) किंवा जागेवर चढवलेलं. ‘सिलिंडर फिक्सिंग’ असं छापलंत तर मशीनवर सिलिंडर बसवून देण्याचा दर म्हणून वाचतील.

‘मेंड’ हे ‘अमेंड’चं आखूड झालेलं रूप. कपडे, चपला, जाळी, कुंपण इतपत चालतं. मोडलेलं हाडही ‘मेंड’ होतं, आपलं आपण. इंजिन कोणी मेंड करत नाही.

‘ओव्हरहॉल’ जहाजावरचा शब्द. दोर-कप्प्या ओढून, सैल करून नीट तपासायच्या, हा मूळ अर्थ. म्हणून आजही त्यात खोलणं आणि तपासणं आधी येतं, बिघाड असो वा नसो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

रफूचक्कर

आणि ‘ही रिपेअर्ड टु द लायब्ररी’ म्हणजे त्याने लायब्ररी दुरुस्त केली ना? :)

इंग्रजीची_छडी

@रफूचक्कर, तो गेला लायब्ररीत. ‘रिपेअर’ दोन आहेत, नुसते दिसायला सारखे. एक लॅटिन ‘रेपारारे’वरून, म्हणजे पुन्हा सिद्ध करणं. दुसरा ‘रेपात्रियारे’वरून, म्हणजे मायदेशी परतणं. दुसरा आता जुन्या ढंगाच्या लिखाणातच उरलाय.

बोअर_प्लस_पन्नास

शब्द वेगळेच आहेत, आणि इंजिनवाल्यांनी ते वेगळे ठेवलेही आहेत. फक्त इंग्रजीत नाही. गॅरेजात ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’ म्हणतात. तिथे कोणी घोळ घालत नाही.

सर्व्हिस म्हणजे ऑइल, फिल्टर, टॅपेट सेटिंग. इंजिन खोलायचंच नाही.

हाफ म्हणजे हेड उतरवलं, व्हॉल्व्ह लॅप केले, रिंगा बदलल्या, गॅस्केट नवे. बोअर (पिस्टन वर-खाली होतो ते भोक) आणि क्रँक जसे आहेत तसे राहिले. गरज पडली तर होन (बोअर आतून घासायचा दगड) फिरवतात, पण माप बदलत नाहीत.

फुल म्हणजे माप बदललं. बोअर झिजून अंडाकृती झालेला असतो. तो ०.२५, ०.५० असा वाढवून त्या मापाचे पिस्टन टाकायचे, नाहीतर नवी लायनर ठोकून बोअर परत स्टँडर्डला आणायचा. क्रँकच्या जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) उलट ०.२५, ०.५० ने कमी करून अंडरसाइज बेअरिंग टाकायची.

यात एक जागा अशी आहे की काम चांगलं का वाईट ते तिथेच कळतं. जर्नल जिथे वेबला (बाजूच्या जाड पात्याला) मिळते त्या कोपऱ्यातली गोलाई, म्हणजे फिलेट रेडियस. ग्राइंडिंगचा दगड ड्रेस न करता, कडा टोकदार ठेवून घासलं की गोलाई जाते आणि काटकोन तयार होतो. मायक्रोमीटर लावलात तर माप बरोबर, चकाकी बरोबर. पण सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो, आणि क्रँक तुटतो तो तिथूनच. दुसरं म्हणजे कडक केलेला थर. नायट्रायडिंगचा थर पातळ असतो, एक-दोन ग्राइंडिंगमध्ये संपू शकतो. खाली मऊ लोखंड लागलं की जर्नल भराभर झिजते. बिलावर ‘क्रँक रिपेअर’ एवढंच लिहिलेलं असेल तर यातलं काय झालं आणि काय नाही ते कळायला मार्ग नाही.

कुंदाप्रेमी

म्हणजे हाफ चहा, फुल चहा आणि हाफ इंजिन, फुल इंजिन. इंग्रजी गेलं उडत.

लांबी_भरू_नका

@टिळकवाडीकर, तुमच्या यादीत एक शब्द नाही आणि तोच फौंड्रीत सगळ्यात महाग पडतो: ‘रिवर्क’. रिवर्क आणि रिपेअर एकच समजून लोक सप्लायर रिपोर्ट भरतात, मग ऑडिटमध्ये अडकतात.

आयएसओ ९००० (२०१५) मध्ये दोन्हीची व्याख्या आहे. सदोष मालावर काम करून तो ठरलेल्या अपेक्षांत *पूर्णपणे* बसवला, तर ते रिवर्क. काम करून तो वापरण्याजोगा झाला, पण ठरलेल्या अपेक्षांत बसेलच असं नाही, तर ते रिपेअर. म्हणजे तिथे रिपेअर हा खालच्या दर्जाचा शब्द आहे.

कास्टिंगवर सांगतो. पार्टिंग लाइनवरची फिन (साच्याच्या सांध्यात आलेली पातळ कड) ग्राइंड केली, चिकटलेली वाळू परत शॉटब्लास्ट करून काढली, बोअर कमी मापाचा निघाला म्हणून आणखी एक कट घेतला: ही तिन्ही रिवर्क. शेवटी ड्रॉइंगशी जुळलं, विषय संपला. पण बोअर *जास्त* मापाचा झाला म्हणून बुश ठोकून परत बोअर केला, किंवा ब्लोहोल (ओतताना हवेने पडलेलं भोक) वेल्ड करून भरलं, तर ते रिपेअर. ड्रॉइंगवर बुश नाही, वेल्डही नाही. गिऱ्हाइकाकडून लेखी डेव्हिएशन (ड्रॉइंगपेक्षा वेगळ्या मालाची परवानगी) घेतल्याशिवाय असा माल गाडीत चढवायचा नाही. हत्तरगीच्या एसईझेडमधलं विमानाच्या भागांचं काम घेणाऱ्यांना हे पाठच असतं. एएस ९१०० या विमान उद्योगाच्या गुणवत्ता मानकामध्ये ‘रिपेअर’ किंवा ‘आहे तसा वापरा’ हा निर्णय डिझाइनची जबाबदारी असलेल्याच्या मंजुरीशिवाय घेताच येत नाही.

आणि ग्रे आयर्नचं वेल्डिंग म्हणजे नुसतं भोक बुजवणं नव्हे. साध्या माइल्ड स्टीलच्या रॉडने टाका मारला की शेजारचं लोखंड झटकन थंड होऊन पांढरं पडतं, काचेसारखं कडक. पुढे त्या जागी ड्रिल जात नाही, टॅप मोडतो. एक तर पूर्ण कास्टिंग ५००-६०० अंशांना तापवून वेल्ड करायचं आणि वाळूत किंवा राखेत हळू थंड करायचं, नाहीतर निकेलच्या रॉडने इंचाइंचाचे टाके घालायचे, प्रत्येक टाका गरम असतानाच हातोडीने हलका ठोकायचा, हात लावता येईल इतकं थंड झाल्यावर पुढचा.

लोखंडाचा चुरा आणि रेझिन कालवून लांबी भरणारे वेगळेच. त्याला कुठल्याच भाषेत रिपेअर म्हणू नका.

खानापूर_रोड

मंडळी, उगाच कीस काढूलालासा. गिऱ्हाइकाला सिलिंडर गळायचा थांबायला पाहिजे. वर ‘रिपेअर’ लिहा नाहीतर ‘रामराम’ लिहा, खाली काय काय केलं त्याची यादी द्या. शब्दाने सील टिकतं होय?

काळा_कोट

@खानापूर_रोड, यादी द्याच. पण यादीत नसलेलं काहीतरी बिघडलं की भांडण मथळ्याच्या शब्दावरच येतं. तीन ठिकाणं दाखवतो.

भाडेपट्टा: मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १०८. भाडेकरूने जागा मिळाली तशी ठेवायची आणि तशीच परत द्यायची, पण वाजवी वापराने होणारी झीज वगळून. आणि जी दुरुस्ती मालकाने करायची असते ती त्याने सूचना देऊनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने करावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा. या कलमातला शब्द ‘रिपेअर्स’ आहे. पत्रे काढून स्लॅब टाकलात तर ती रिपेअर नाही, पैसे वळते करता येणार नाहीत.

आयकर: १९६१ च्या कायद्यात कलम ३१ खाली यंत्रांच्या ‘करंट रिपेअर्स’चा खर्च त्याच वर्षी वजा मिळायचा. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सरवणा स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात सांगितलं की जुनी रिंग फ्रेम काढून नवी बसवणं म्हणजे करंट रिपेअर नव्हे. सूतगिरणीतली प्रत्येक यंत्रणा स्वतंत्र यंत्र आहे. असलेलं यंत्र टिकवलं तर रिपेअर, त्या जागी नवं आणलं तर बदली.

मोटार विमा: अपघातातलं नुकसान मिळतं, झीज आणि यांत्रिक बिघाड मिळत नाही. भाग *बदलला* तर घसारा कापतात, रबर-प्लास्टिकच्या भागांना ५० टक्के, काचेला शून्य. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला की ‘रिपेअर’ हा शब्दच बाद, गाडी टोटल लॉस. गॅरेजवाल्याने डेंट काढला असताना ‘रिप्लेस’ लिहिलं, तर गाडीमालकाच्या खिशाला चाट.

तेव्हा शब्दाने सील टिकत नाही हे खरं. पैसे कोणी भरायचे ते मात्र शब्दच ठरवतो.

खानापूर_रोड

मान्य करतो असं नाही, पण कोर्टाची पायरी चढायची नसल्याने गप्प बसतो :)

मेगर_५००

मोटर रिवायंडिंगवाल्यांकडे या शब्दांचा तयार दाखला आहे. फिरत्या विद्युत यंत्रांच्या आयईसी ६००३४ मालिकेतला २३ वा भाग. २००३ मध्ये त्याच्या शीर्षकात ‘रिफर्बिशिंग’ होतं, २०१९ च्या आवृत्तीत शीर्षक झालं ‘रिपेअर, ओव्हरहॉल अँड रेक्लमेशन’. एका शब्दाचे तीन करावेसे वाटले, यातच आलं.

मोटरच्या भाषेत असं: बेअरिंग ओरडतं म्हणून बेअरिंग बदललं, ती रिपेअर. काही बिघडलेलं नसताना ठरलेल्या वेळी मोटर खोलून, धुऊन, ओव्हनमध्ये वाळवून, व्हार्निश देऊन, बेअरिंगं बदलून, मोजमापं घेऊन बांधली, तर ओव्हरहॉल. जळालेली मोटर भरणं (रिवायंड करणं) ही रिपेअरच, पण दोन मोटरवाले ती सारखी करत नाहीत.

फरक कुठे पडतो ते सांगतो. जुनी तार काढायला स्टेटर सरळ लाकडं-रॉकेलच्या आगीत टाकतात. तार सुटते, पण पत्र्यांमधलं इन्सुलेशनही जळतं. पत्रे एकमेकांना लागले की कोअरमध्येच प्रवाह फिरतो, मोटर बिनलोडवर गरम होते आणि वीज जास्त खाते. वायंडिंग कितीही सुबक असो. कंट्रोल असलेल्या ओव्हनमध्ये कोअर ३७० अंशांच्या आत ठेवून तीच तार निघते. दुसरी खोट तारेची. मूळ गेज बाजारात नाही म्हणून बारीक तार घालणं, किंवा खाचेत मावत नाहीत म्हणून फेरे कमी करणं. बारीक तारेने रेझिस्टन्स वाढतो, फेरे कमी केले की बिनलोड करंट चढतो. मूळ गेज नसेल तर दोन बारीक तारा जोडीने घ्या, पण एकूण क्षेत्रफळ मूळ तारेपेक्षा कमी नको. तिसरी, बाहेर येणारी कॉइलची डोकी लांब सोडणं. भरायला सोपं जातं, तांबं मात्र फुकट तापतं.

काढण्याआधी फेरे, गेज, पिच, कनेक्शन लिहून घेतलंय का, इन्सुलेशन क्लास बी (१३० अंश) होता की एफ (१५५), हे विचारा. भरल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) ४० अंशांना किमान ५ मेगोहम यायला हवं आणि तिन्ही फेजचा बिनलोड करंट जवळजवळ सारखा.

पाण्यात भिजणाऱ्या बोअरच्या मोटरला यातलं व्हार्निश लागू नाही. तिची तार प्लास्टिक आवरणाची असते, ती ओव्हनला दाखवायचीसुद्धा नाही.

घटप्रभा_काठ

+१. वाखू (वाचनखूण) साठवली. पंपसेटवाल्या प्रत्येकाने वाचावं.

शहापूरकर

अवांतर, पण वर ‘मेंड’ फार लवकर सोडून दिलंत. कापडात त्याचे चांगले तीन प्रकार आहेत. ‘पॅच’ म्हणजे ठिगळ, वरून तुकडा लावला. ‘डार्न’ म्हणजे रफू, भोकावर धाग्यांची जाळी विणली. ‘इनव्हिजिबल मेंडिंग’ म्हणजे ज्याला चांगला रफूगर म्हणतात त्याचं काम: धागे त्याच कापडाचे घ्यायचे, साडी असली तर आत दुमडलेल्या कडेतून ओढून. आधी ताण्याचे उभे धागे, मग बाण्याचे आडवे, मूळ विणीच्या वर-खाली क्रमानेच. साध्या विणीत एक वर एक खाली, पण काठावर नक्षी असेल तर क्रम मोजून घ्यावा लागतो. रेशमावर सुती धागा वापरला की पहिल्याच धुण्यात तो आक्रसतो आणि भोकाभोवती चुणी पडते. वडगाव-शहापुरात मागावरच धागा तुटला तर तो सांधणं वेगळं, त्याला रफू म्हणत नाहीत. कापड अजून व्हायचंय.

रफूचक्कर

धागा सांधण्याबद्दल धागाकर्त्याचे आभार मानतो.

कुंदाप्रेमी

संपादक मंडळ, या कोटीला रिपेअर करा, नाहीतर रिप्लेस करा.

कौलारू

खानापूरकडचं एक उदाहरण, कारण वर सगळे ‘बिघडलं की दुरुस्ती’ धरून चाललेत. पावसाळ्याआधी घर शाकारतात ती दुरुस्ती आहे का? कौलं उतरवायची, झाडायची, शेवाळ खरडायचं, रिपा ठोकून बघायच्या, किडलेल्या तेवढ्या बदलायच्या, मग वळचणीकडून आढ्याकडे कौलं परत लावत जायचं, वरचं कौल खालच्याच्या खाचेत नीट बसवून. फुटकी दहा-वीस निघतात. पण एकही फुटलेलं नसलं तरी शाकारणी होतेच. इंग्रजीत याला रिपेअर म्हटलं तर चूक. हे मेंटेनन्स, आणि खोलून-तपासून परत बांधायचं असल्यामुळे @इंग्रजीची_छडी म्हणतात तसं ओव्हरहॉलच.

उलट भर पावसात गळतंय म्हणून शिडी लावून एक कौल सरकवलं, ती रिपेअर. कोकणपट्टीला लागून असलेल्या या भागात पाऊस इतका की शाकारल्याशिवाय वर्ष काढता येत नाही.

मराठी रकान्यासाठी ‘डागडुजी’ हा शब्दही बघा. जिथे गेलंय तेवढंच बुजवणं. ‘डाग देणं’ म्हणजे भांड्याला झाळणं, तो अर्थ त्यात ऐकू येतो.

ऑफ_सीझन

सिलिंडरची गिऱ्हाइकं साखर कारखाने आहेत म्हणून लिहितो. कारखान्याच्या खरेदी विभागात हे शब्द वर्षाच्या वेळेवरून ठरतात. गाळप चालू असताना जे होतं ते रिपेअर: शक्य तितकं मिल न थांबवता, थांबवली तर कमीत कमी वेळ. गाळप संपल्यावर जे होतं ते ओव्हरहॉलिंग.

मिलचा रोलर घ्या. फोर्ज्ड स्टीलचा शाफ्ट आणि त्यावर ओतीव लोखंडाचं शेल, गरम करून आवळून बसवलेलं. सीझनमध्ये दात गुळगुळीत होऊन ऊस धरेनासे झाले की रोलर फिरत असतानाच दातांवर वेल्डिंगचे ठिपके देतात. तात्पुरती पकड, म्हणजे रिपेअर. ऑफ सीझनला रोलर लेथवर चढवून दात नव्याने पाडतात, जर्नल घासतात. इथे रोलरचा व्यास कमी होतो, म्हणून मिल सेटिंग पुन्हा काढावं लागतं. व्यास किमान मर्यादेखाली आला की ‘रिशेलिंग’. जुनं शेल कापून टाकायचं, शाफ्ट तडे आहेत का तपासायचा, नवं शेल चढवायचं. शाफ्ट जुना, बाकी नवं. याला तुमच्या यादीतला ‘रिबिल्ड’ चपखल बसतो.

तेव्हा @टिळकवाडीकर, कारखान्याला कोटेशन देताना महिनाही बघा. डिसेंबरात ‘ओव्हरहॉल’ लिहिलंत तर ते फाइल मेपर्यंत बाजूला ठेवतील.

टिळकवाडीकर

सगळ्यांना दंडवत. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पण रिकंडिशन आणि रिफर्बिश अजून कोणी हाताळलं नाही. आणि ‘रिमॅन्युफॅक्चर्ड’ म्हणून जे मिळतं ते काय?

बोअर_प्लस_पन्नास

ब्रिटिश स्टँडर्ड ८८८७, भाग २, २००९. त्यात रिकंडिशन म्हणजे वापरलेली वस्तू समाधानकारक चालू स्थितीत आणणं, आणि त्यासाठी *जाण्याच्या बेतात असलेले* मुख्य भागही दुरुस्त करणं, तक्रार नसली तरी. रिमॅन्युफॅक्चर म्हणजे कामगिरी किमान मूळ नव्याइतकी आणि वॉरंटी नव्याइतकी किंवा जास्त. नव्याइतकी वॉरंटी द्यायची छाती असेल तरच तो शब्द छापायचा.

रिफर्बिश दरपत्रकातून काढा. ‘फर्बिश’ म्हणजे घासून चकचकीत करणं. मोबाइल-लॅपटॉपच्या बाजारात परत आलेला, तपासून-पुसून पुन्हा विकलेला माल म्हणजे रिफर्बिश्ड. सिलिंडरला लावलात तर लोक नुसता रंग मारला समजतील, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं.

गळका_सिलिंडर

आता मूळ वस्तूवर या. सिलिंडरच्या बाबतीत सीमा अशा.

सर्व्हिस: खोलणे, धुणे, सील किट बदलणे (वायपर, रॉड सील, पिस्टन सील, गाइड रिंग, ओ-रिंग), बांधून टेस्ट. ट्यूब आणि रॉडला मशीन लावायचं नाही.

रिपेअर: दाखवलेला एक दोष काढणे. डोळा तुटला तर वेल्ड करणे, पोर्टचे आटे गेले तर बुश टाकून नवे काढणे. सील किट यात धरलंय की नाही ते लिहाच, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने जवळचं सील जातंच.

रिकंडिशन: माप आणि पृष्ठभाग परत आणणे. ट्यूब होन करून एच८ मध्ये (मापातल्या फरकाची ठरलेली मर्यादा) आणि ०.२ ते ०.४ मायक्रॉन आरए (खरखरीतपणाचं माप) फिनिशला. रॉडचं जुनं क्रोम उतरवून, ग्राइंड करून, नवं हार्ड क्रोम चढवून परत ग्राइंड करून पॉलिश, शेवटी २०-३० मायक्रॉन थर उरला पाहिजे. ग्लँड बुश (तोंडाशी रॉडला आधार देणारा) नवा.

फसवणूक दोन ठिकाणी होते. रॉडवर गंजाचे खड्डे आहेत तसेच ठेवून वर क्रोम मारतात. काही दिवसांत खड्ड्याच्या कडेने पापुद्रा सुटतो आणि तो नव्या सीलला पातीसारखा कापतो. दुसरं, ट्यूबचा चरा जाईपर्यंत होन करत राहतात. बोअर वाढला की स्टँडर्ड सीलवरचा दाब कमी होतो. टेस्ट बेंचवर गार तेलात धरतं, कामावर तेल तापून पातळ झालं की लोड खाली येतो. चरा खोल असेल तर होन थांबवायचा आणि होन केलेली नवी ट्यूब टाकायची. ट्यूब किंवा रॉड नवा आला की त्याला रिकंडिशन म्हणू नका, रिबिल्ड म्हणा.

टेस्ट कामाच्या दाबाच्या दीडपट. दाब देऊन पोर्ट बंद करायचे आणि रॉड सरकतो का ते डायल लावून बघायचं. नुसतं बाहेर तेल दिसलं नाही म्हणून पास करायचं नाही. पिस्टन सील आतल्या आत सोडतं.

हुक्केरी_एक्सप्रेस

कन्नड रकान्याचं मी देतो. रिपेअरला ‘दुरस्ति’ आहेच, दोन्ही भाषांत एकच फारसी शब्द, तिथे भांडण नाही. सर्व्हिस ‘सर्विस’च ठेवा, लोक तेच म्हणतात. मेंटेनन्सला सरकारी पाट्यांवर ‘निर्वहणे’ असतं, पण वर्कशॉपात कोणी बोलत नाही. ओव्हरहॉलला ‘पूर्ण बिच्चि जोडिसुवुदु’, म्हणजे पूर्ण खोलून जोडणे. अथणीपासून खानापुरापर्यंत कोणालाही कळेल.

खानापूर_रोड

आणि तेच मराठीत लिहा की मग! ‘पूर्ण खोलून बांधणे’. मी केव्हापासून सांगतोय, केलं काय ते लिहा.

टिळकवाडीकर

@खानापूर_रोड, तुमचं आणि @काळा_कोट यांचं दोघांचंही ठेवतो. सहाच्या चार ओळी केल्या, ओव्हरहॉल सिलिंडरला लागत नाही म्हणून आणि रिफर्बिश वरच्या सल्ल्याने काढलं. मराठी रकाना असा:

सर्व्हिस – खोलून, धुऊन, सील किट बदलून, टेस्ट करून.
दुरुस्ती – चलनात लिहिलेला तेवढाच दोष. सील किट वेगळे.
रिकंडिशन – ट्यूब होन, रॉड ग्राइंड व नवे क्रोम, रॉड सरळ करणे, ग्लँड बुश व सील किट नवे.
रिबिल्ड – ट्यूब किंवा रॉड किंवा दोन्ही नवे. बाकी रिकंडिशनप्रमाणे.

गळका_सिलिंडर

ओव्हरहॉल काढलंत ते ठीक नाही. प्रेसवाले तक्रार नसताना ठरावीक तासांनी सिलिंडर पाठवतात, त्यांना सील किटशिवाय बोअर, रॉड आणि बुशची मापं लिहून हवी असतात. ती ओळ ठेवा: ‘ओव्हरहॉल – सर्व्हिस, शिवाय मापांचा तक्ता’.

रिकंडिशनमधून ‘रॉड सरळ करणे’ मात्र काढा. वाकलेला रॉड प्रेसवर सरळ केला तरी क्रोमला बारीक तडे जातात, आणि तो मुळात वाकला का हे शोधलं नाही तर परत वाकतो. वाक असेल तर रॉड नवा, म्हणजे रिबिल्डचा दर.

काळा_कोट

आणि तळाला एक चौकट: ‘काढलेले जुने भाग परत हवेत / नकोत’, पुढे सहीची जागा. रिबिल्डचं बिल घेताना जुनी ट्यूब टेबलावर असली की पुढचे बरेच फोन वाचतात.